दळवीभाई आणि सहा खेचरं

दळवीभाई मला पहिल्यांदा दिसले ते फक्त पायांपुरते. पायांत झिजलेल्या कातडी सपाता, टाचांना भेगा. एका पांढऱ्या छोट्या व्हॅनच्या मागच्या उघड्या दारातून तेवढे पाय बाहेर आले होते, उरलेले दळवीभाई आत पालथे पडून पोलादी टेपने काहीतरी मोजत होते. मी लाँड्रीच्या ऑफिसात कारकून म्हणून लागून तीनच दिवस झाले होते. हातात फॉर्म घेऊन मी त्या पायांशी बोलायला लागलो.

"सही पाहिजे होती."

"कशावर?"

"या गाडीच्या फॉर्मवर."

"गाडी बघितलीस?"

"ही काय, समोर आहे."

"समोरून सगळेच बघतात. आत ये."

मी माझ्या नव्या पँटकडे पाहिलं. "कपडे खराब होतील हो."

"होऊ देत. लाँड्रीत कामाला लागलायस ना?"

मी आत शिरलो. जेद्दाच्या दुपारी बंद व्हॅनच्या पत्र्याखाली आम्ही दोघं रांगत होतो, आणि ते मला जमिनीवरची चार भोकं दाखवत होते. "ही बघ. हितं सीट बसायची. कारखान्यानं सीट बसवलीच नाय, भोकं पण बुजवलेली. खिडकीच्या जागी पत्रा. ड्रायव्हरच्या पाठीमागं जाळी. आता सांग, मोटार का माल?"

"माल."

"मंग फॉर्मवर तू काय लिवलंस?"

मी 'मोटार' लिहिलं होतं. का, तर पुढून ती मोटारच दिसत होती. माणगावला आमच्या डॉक्टरांकडे तसलीच गाडी होती. दळवीभाईंनी फॉर्म घेतला, चार घड्या घातल्या आणि आपल्या कपाळाचा घाम त्याने पुसला. "दुसरा आण," म्हणाले.

आमची लाँड्री हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुऊन द्यायची. जेद्दातली हॉस्पिटलं, मदिनेतली यात्रेकरूंची हॉटेलं, खाली पार जिझानपर्यंत. चादरी वजनाला हलक्या पण जागा फार खातात, म्हणून कंपनीकडे मोठ्या ट्रकांपेक्षा या छोट्या व्हॅनच जास्त होत्या. मोटारीपासूनच बनवलेल्या. तोंड, इंजिन, स्टिअरिंग सगळं मोटारीचं. मागची सीट काढून, काचेच्या जागी पत्रा ठोकून माल भरायला केलेल्या. दळवीभाई त्यांना खेचर म्हणत. "आई घोडी, बाप गाढव. तोंड बघून घोडा म्हणशील तर पाठीवरचा बोजा खोटा ठरतो."

त्यांचं काम गाड्यांच्या कागदांचं. इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, मात्र त्यांचा हुद्दा कितीतरी वर्षं 'इस्त्रीवाला' असाच राहिला होता, आणि त्याची त्यांना मजा वाटायची. गाडीच्या नोंदणीच्या कागदाला, म्हणजे इस्तिमाराला, सुरकुती पडू द्यायचे नाहीत. "मी इस्त्रीवाला हाय," म्हणायचे. गाव गुहागरच्या अलीकडे, खाडीकाठी. शिक्षण मराठी शाळेत सातवी. नवीन आलेला कुणी मराठी माणूस "दळवी? म्हणजे आपल्यातलेच का?" असं चाचपडत विचारी, तेव्हा ते सांगत, "आमच्या गावात एक दळवी देवळात जातात, एक मशिदीत. घरपट्टी दोघांना सारखीच."

कर हा विषय त्यांच्या बोलण्यात असा सारखा यायचा. मला वाटायचं, माणसाला कराची एवढी आवड कशी असू शकते? पुढे कळलं, आवड कराची नव्हतीच. त्यांचं म्हणणं असं, की सरकार गाडीला आयुष्यात एकदाच धड प्रश्न विचारतं: तू कोण? त्या उत्तरावर सगळं ठरतं. नंबरप्लेटचा रंग, नोंदणीचा आकार, विमा, तपासणी. खाजगी मोटार म्हणालात तर कमी पैसे, मालवाहू म्हणालात तर जास्त. म्हणून प्रत्येक मालकाला आपलं खेचर घोडा आहे असं वाटतं. आता नियम बदलले आहेत, इंजिन किती पेट्रोल पितं त्यावरही वार्षिक आकार बसतो, बरंचसं काम फोनवर होतं. पण दळवीभाईंचा प्रश्न तोच राहिला. "कागद गाडी बघून लिवायचा. कागद बघून गाडी सांगायची नाय."

जेद्दातल्या अल अझीझिया भागात त्यांच्या खोलीखाली रत्नागिरीकडच्याच एका माणसाचं किराणा दुकान होतं. दुकानदाराने एक खेचर घेतलं होतं आणि मागे बाजारातून आणलेली एक सीट बोल्टने कसून टाकली होती. मोटार म्हणून कागद करायचे, सीटवर शुक्रवारी बायकामुलं बसवायची, उरलेले दिवस कांद्याची पोती. त्याने दळवीभाईंना खजूर, चहा, सगळं करून झाल्यावर हळूच विचारलं.

"भाई, तुम्ही बोललात तर होऊन जाईल. सीट तर आहे ना?"

दळवीभाई उठले, गाडीत गेले आणि सीटवर बसले. बसल्या बसल्या दोनदा पुढेमागे झुलले. सीट कुरकुरली.

"पट्टा कुठंय?"

"पट्टा... लावू."

"कशाला लावशील? पत्र्याला? उद्या ब्रेक मारलास तर तुजी पोरं कांद्यासारखी पुढं येतील. सीट काढ."

"भाई, सगळे करतात."

"सगळे करतात तर माज्याकडं कशाला आलास? सगळ्यांकडं जा."

दुकानदार आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी सीट दुकानाबाहेर फुटपाथवर आली, आणि तीवर गिऱ्हाइकं बसून चहा प्यायला लागली. दळवीभाईही रोज संध्याकाळी तिथेच बसायचे. "आता बरोबर जागी हाय," म्हणायचे.

पण ते नेहमी जास्त कराच्या बाजूनेच उभे राहत असं मुळीच नव्हतं. एका सरकारी हॉस्पिटलात सांगलीकडच्या सुरेखा सिस्टर होत्या. त्यांची छोटी मोटार तपासणीच्या केंद्रावर अडली. फ्रीज आणण्यासाठी त्यांनी मागची सीट पाडून ठेवली होती, मागच्या काचांना जाड काळा कागद चिकटवला होता, आणि तपासणाऱ्याने ती मालाची गाडी म्हणून बाजूला काढली. सिस्टर रडवेल्या. दळवीभाई मला घेऊन गेले. तपासणारा तरुण पोरगा, ऐकेना. तेव्हा त्यांनी सीट उभी केली, मला मागे ढकललं आणि दार लावलं. मग माझ्याकडे बोट दाखवून आपल्या कोकणी अरबीत विचारलं, "हाझा बिदाआ?" म्हणजे, हा माल आहे का?

पोरग्याने वाकून मला नीट पाहिलं. "सद्दीक, दोस्ता, हा तर कमी दर्जाचा माल आहे," असं काहीतरी तो अरबीत म्हणाला आणि दोघं हसत सुटले. गाडी पास झाली. परत येताना सिस्टर सारख्या "दादा, उपकार झाले" म्हणत होत्या. दळवीभाई तुटकपणे म्हणाले, "उपकार नाय झाले. गाडी मोटार व्हती, मोटार म्हणून पास झाली."

त्यांची आणखी एक सवय सांगितली पाहिजे, कारण माझी गोष्ट तिच्याशी बांधलेली आहे. ते मराठी लिहिताना आधी टेपची कड ठेवून शिरोरेषा ओढून घेत. सबंध ओळीची. मग त्या दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं खाली टांगत जात. सातवीतल्या मास्तरांनी अशी सवय लावली होती म्हणे. कंपनीत मराठी वाचणारे आम्ही दोघंच, त्यामुळे मला त्यांच्या चिठ्ठ्या मराठीतून यायच्या, आणि त्या दुसऱ्या कुणाच्या असूच शकत नसत.

मला लागून चार महिने झाले असतील. दळवीभाई जिझानला गेले होते, एक गाडी बंद पडली होती तिच्यामागे. इकडे मदिनेच्या शाखेसाठी सहा नव्या व्हॅन खरेदी झाल्या. विक्रेत्याला कंपनीचं पत्र द्यायचं होतं, गाड्यांची नोंदणी कुठल्या वर्गात करायची ते सांगणारं. ड्रायव्हरबरोबर दळवीभाईंची चिठ्ठी आली. सरळ शिरोरेषेखाली लिहिलं होतं: 'सहा गाड्या आल्या. जुन्यासारखं पत्र दे. नकल.'

मी कॉम्प्युटरमधलं सगळ्यात अलीकडचं जुनं पत्र उघडलं. ते विक्री विभागाच्या साहेबांच्या मोटारींचं होतं. त्याची नक्कल केली, गाड्यांचे नंबर बदलले, दळवीभाईंच्या नावाचा शिक्का मारला आणि पाठवून दिलं. नकल म्हणजे नक्कल. माणगावच्या तलाठी ऑफिसात उमेदवारी केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? सातबाऱ्याची नक्कल, दाखल्याची नक्कल, जन्म त्यातच गेलेला.

अरबीत 'नक्ल' म्हणजे मालवाहतूक. नोंदणीच्या कागदावर त्या वर्गाचं नावच ते आहे. दळवीभाई माझ्याशी बोलताना नेहमी 'माल' म्हणायचे, त्या दिवशी घाईत त्यांनी कागदावरचा शब्द लिहिला.

दोन दिवसांनी जिझानहून त्यांचा फोन आला. मागे कुणीतरी इंजिन रेस करत होतं.

"वसंता, सहांची कागदं झाली?"

"झाली."

"नकल?"

"हो हो, नकलच केली."

"शाब्बास."

त्यांच्या तोंडून मला मिळालेली ती एकमेव शाबासकी.

गाड्या पांढऱ्या, खाजगी नंबरप्लेटी लावून विक्रेत्याकडून परस्पर मदिनेला गेल्या. दळवीभाईंनी त्या पाहिल्याच नाहीत. मला माझी चूक कळली ती आणखी दोन-तीन महिन्यांनी. एका नव्या ड्रायव्हरला ते समजावत होते, "निळी प्लेट म्हणजे नकल. नकल म्हणजे माल. पांढऱ्या प्लेटीत माल नाय भरायचा, विमावाले उभं नाय करणार." मी शेजारच्या टेबलावर होतो. हातातला स्टेपलर मी किती वेळ तसाच धरून होतो ते मला आठवत नाही.

इथपर्यंत मी चुकलेला माणूस होतो. नवा होतो, एक शब्द दोन भाषांत सापडला, कुणीही चुकलं असतं. त्याच क्षणी उठून "दळवीभाई, घोटाळा झालाय" म्हणालो असतो तर त्यांनी मला पाच-सात शिव्या घातल्या असत्या, पत्र बदललं असतं, आणि ही गोष्ट आम्ही पुढे हसून सांगितली असती. मी बोललो नाही. गाड्या चालताहेत ना, म्हटलं. कधीतरी सवडीने सांगू.

मग मदिनेच्या रस्त्यावर त्या सहांपैकी एका गाडीचा टायर फुटला आणि ती बाजूला उभ्या असलेल्या एका महागड्या जीपवर जाऊन आदळली. ड्रायव्हर सलीम, केरळचा, त्याचा पाय मोडला. विमा कंपनीचा माणूस आला, त्याने मागचं दार उघडलं, आत चादरींचे गठ्ठे पाहिले, इस्तिमारा पाहिला आणि वही मिटली. खाजगी मोटारीत धंद्याचा माल. भरपाई नाही.

आमच्या मुदीरसाहेबांनी, म्हणजे मॅनेजरांनी, सगळ्यांना बोलावलं. टेबलावर माझं पत्र होतं, दळवीभाईंच्या शिक्क्याचं.

"हे मी दिलेलं नाय," दळवीभाई म्हणाले. "मी चिठ्ठी लिवून दिली व्हती. नकल म्हणून."

"चिठ्ठी कुणाला दिली?"

"ह्याला."

मुदीरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठी तेव्हा माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मुलीची दहावी चालू होती, इकामा नुकताच नवा झाला होता, आणि बायको सहा महिन्यांसाठी म्हणून येऊन तिथेच रमली होती. ही सगळी कारणं मी नंतर गोळा केली. त्या क्षणी माझ्या डोक्यात काही नव्हतं. तोंड मात्र उघडलं.

"मला चिठ्ठी मिळाली नाही," मी म्हणालो.

दळवीभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. गाडी बघताना ते बघायचे, तसं ते बघणं होतं. आत काय आहे, कुठे काय काढलंय, कुठे काय ठोकलंय.

त्या संध्याकाळी मी चिठ्ठी फाडली आणि मळक्या कपड्यांच्या टोपलीत टाकली. सकाळी ती शंभर हॉस्पिटली चादरींबरोबर धुऊन निघाली असेल.

कंपनीने दळवीभाईंसाठी एक कागद तयार केला. 'माझ्या हातून चुकीने वर्गीकरण झाले, मी जबाबदारी मान्य करतो.' सही करा, नोकरीचे सगळे पैसे घ्या, तिकीट घ्या, घरी जा. खरं तर उदार सौदा होता. अझीझियातली सगळी कोकणी मंडळी त्या फुटपाथवरच्या सीटभोवती जमून त्यांना समजावत होती. दुकानदार तर हात जोडून म्हणाला, "भाई, साठी आली. एक सही करा आणि मोकळे व्हा. गावात कोण बघतंय तो कागद?"

दळवीभाई म्हणाले, "सही म्हणजे काय?"

"म्हणजे... सही."

"सही म्हणजे बरोबर. मंग चुकीच्या कागदावर सही कशी होईल? तो कागद म्हणतो मी खेचराला घोडा म्हटलं. मी आयुष्यात म्हटलेलं नाय. चूक माजी असती तर दोन सह्या केल्या असत्या."

आणि त्यांनी कामगार कार्यालयात, तिथल्या बोलीत मकतबात, अर्ज केला. पगार बंद झाला. कंपनीच्या यार्डात त्यांना यायची मनाई झाली. आमच्या घरी शुक्रवारी ते सांदण घेऊन यायचे, ते थांबलं. मुलीने शाळेतल्या सवयीने हिंदीत विचारलं, "बाबा, दळवी अंकल अब क्यों नहीं आते?" मी तिला हिंदीतच काहीतरी खोटं सांगितलं. परक्या भाषेत ते सोपं जातं.

सुनावणीच्या दोन दिवस आधी, शुक्रवारच्या नमाजानंतर, मी त्यांच्या खोलीवर गेलो. ते भात आणि सुरमईचं कालवण घेऊन एकटेच बसले होते. मी दारातच सगळं बोलून टाकलं. चिठ्ठी मिळाली होती, मी नक्कल समजलो, नंतर कळलं, गप्प बसलो, खोटं बोललो, चिठ्ठी फाडली. एका श्वासात. वाटलं होतं, ते ओरडतील. निदान विचारतील, का?

"जेव," म्हणाले.

"दळवीभाई..."

"बस. जेव आधी."

मी जेवलो. माझ्या ताटात त्यांनी डोक्याकडचा तुकडा वाढला, जो ते स्वतः कधी सोडत नसत. जेवण झाल्यावर ताट बाजूला केलं आणि म्हणाले, "परवा मकतबात तू फाइल घेऊन येणार ना कंपनीची?"

"हो."

"मंग तिथं बोल. जे आता बोललास ता."

"माझी नोकरी जाईल. मुलीची दहावी आहे, दळवीभाई."

"तुज्या पोरीची दहावी. आणि मी काय करतोय? मी पण परीक्षेलाच बसलोय. साठाव्या वर्षी."

"चिठ्ठी नाही आता. माझ्या नुसत्या बोलण्याने काय होणार?"

तेव्हा मात्र ते चिडले. "तोंड हाय ना तुला? का त्यावर पण पत्रा ठोकलायस?"

सुनावणीचा अधिकारी तरुण होता, चष्मा लावलेला, सभ्य. त्याने दळवीभाईंसाठी चहा मागवला. कंपनीचा वकील एका बाजूला, मी फाइल मांडीवर घेऊन त्याच्या मागे. अधिकाऱ्याला खरोखर कळत नव्हतं की हा म्हातारा का अडून बसलाय. "अम्मी, सही केलीस तर आजच्या आज सगळं मिळेल," तो म्हणाला. अरबीत अम्मी म्हणजे काका. "नाही केलीस तर महिने लागतील. तू जिंकशील याची खात्री नाही."

"थांबतो," दळवीभाई म्हणाले.

"तू म्हणतोस तू चिठ्ठी दिलीस. ती कुणी पाहिली आहे?"

"हो."

"कोण?"

दळवीभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं असतं तरी पुरलं असतं. ते समोर भिंतीकडे बघत राहिले.

"तो सांगेल," ते म्हणाले. "त्याचं नाव मी नाय सांगणार. त्याचं तोंड त्याला हाय. मी माजं बोलायला आलोय."

अधिकारी थांबला. चांगलं अर्धं मिनिट थांबला. मला आजही वाटतं, त्याने मुद्दाम वेळ दिला. वकिलाने घड्याळ पाहिलं. मी फाइलच्या कोपऱ्यावरचा स्टिकर वाचत होतो.

"खलास?" अधिकाऱ्याने विचारलं.

"खलास," दळवीभाई म्हणाले, आणि चहा संपवला.

हे वाचून लोक मला म्हणतील, त्यांनी तुझं नाव सांगितलं नाही, केवढा मोठेपणा. त्या अर्ध्या मिनिटात मी होतो, म्हणून सांगतो, त्यात दया अजिबात नव्हती. त्यांना मला वाचवायचं नव्हतं. दुसऱ्याने काय म्हणावं ते आपण लिहून द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट होता. माझ्यासाठी दार उघडं ठेवलं आणि मी त्यातून गेलो नाही.

चार महिने ते थांबले. पगार नाही, पासपोर्ट कंपनीकडे, म्हणून गावी जाता येत नाही. दुकानाबाहेर बसून लोकांच्या गाड्यांचे फॉर्म भरून द्यायचे, आधी गाडीत पालथं पडून, मग. कुणी म्हटलं, "भाई, किती दिवस हे?" की म्हणायचे, "ज्यांना घाई हाय त्यांनी मान्य करावं." शेवटी कंपनीलाच घाई झाली. मुदीर बदलले, नव्यांना जुनी फाइल बंद करायची होती. दळवीभाईंना त्यांचे पैसे मिळाले, सहीशिवाय. सहा गाड्यांचे कागद बदलले, निळ्या प्लेटी आल्या. मात्र नोकरी परत मिळाली नाही. कायमचा एक्झिट, म्हणजे देश सोडून जायचं.

जायच्या आदल्या दिवशी ते पासपोर्ट घ्यायला ऑफिसात आले. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, हातात एक जुनी बॅग. नोकरी सोडल्याचा फॉर्म मीच भरत होतो. कारणाच्या रकान्यात मी टाइप केलं, 'स्वेच्छेने'. सगळ्यांचं तेच लिहितात. त्यांनी वाकून स्क्रीन पाहिला. एवढी वर्षं झाली, त्यांना ऑफिसातलं इंग्रजी वाचता येत होतं.

"ह्याचा अर्थ काय?"

"तुम्ही तुमच्या मर्जीने..."

"पूस."

मी पुसलं.

"लिव. खोट्या कागदावर सही करायला नकार दिला म्हणून."

"असं चालत नाही दळवीभाई, वरून परत पाठवतील."

"पाठवू दे. तू लिव."

मी लिहिलं. इंग्रजीत, एका ओळीत, मावेना म्हणून अक्षरं बारीक करून. प्रिंट काढली. त्यांनी ती उजेडाकडे धरून शब्दन् शब्द वाचली, आणि मग सही केली. इतक्या महिन्यांत कंपनीच्या कागदावरची त्यांची पहिली सही. मी म्हणालो, "दळवीभाई, मी त्या दिवशी मकतबात..."

"तुजं तू लिव," ते म्हणाले. "माजं झालं."

गेल्या वर्षी मी ती नोकरी सोडली. मुलगी पुण्याला शिकायला गेली. आता मला कुणी काही करू शकत नाही, आणि म्हणूनच आज हे लिहितो आहे. याला कुणी धैर्य समजू नये. धैर्याची वेळ होती ती अर्ध्या मिनिटाची, ती गेली.

त्या दिवशी ते ऑफिसातून निघाले ते मी खिडकीतून पाहिलं. यार्डाच्या फाटकावर बांगलादेशी पहारेकरी होता. त्याने दळवीभाईंना ओळखलं, सलाम केला आणि हाताने 'जा जा' अशी खूण केली. दळवीभाई थांबले. बॅग खाली ठेवली.

"तपास," त्यांनी आपल्या कोकणी हिंदीत सांगितलं.

"अरे चाचा, आपका क्या चेक करना."

"तपास बोला ना. कल कोई बोलेगा, चादर ले गया."

भर दुपारचे दोन वाजलेले. त्यांनी चेन उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढून गरम डांबरावर मांडायला सुरुवात केली. लुंगी. दोन शर्ट. औषधाच्या बाटल्या. खजुराचे तीन डबे. नातवासाठी घेतलेली खेळण्यातली मोटार. पहारेकरी कानकोंडा होऊन इकडेतिकडे बघत होता, मागे एक ट्रक येऊन हॉर्न वाजवायला लागला. दळवीभाईंनी ट्रककडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. बॅग रिकामी झाल्यावर त्यांनी ती उलटी करून झटकली, पहारेकऱ्याला वहीत 'काही सापडलं नाही' असं लिहायला लावलं, लिहिलेलं वाकून बघितलं. मग उकिडवे बसून एकेक वस्तू घडी घालून परत भरली, कुठलीही घाई न करता, आणि ट्रक हॉर्न वाजवत असताना फाटकाच्या बरोबर मधून चालत बाहेर गेले.